जॉन हेन्री गॉडफ्री : एका आरमारी अधिकाऱ्याची कारकीर्द आणि मुंबईचे बंदर

१

साम्राज्याच्या इतिहासात आरमारी अधिकाऱ्यांची चरित्रे विपुल आहेत. त्यांतील बहुतेकांचा आराखडा ठरलेला असतो. कोवळ्या वयात शिक्षणनौकेवर प्रवेश, दूरदेशीच्या समुद्रांवरील उमेदवारी, पहिल्या महायुद्धातील एखादी गाजलेली मोहीम, दोन युद्धांमधील शांततेत क्रमाने मिळत गेलेल्या बढत्या, आणि अखेरीस एखाद्या मोठ्या आरमाराचे आधिपत्य. व्हाइस ॲडमिरल जॉन हेन्री गॉडफ्री यांची कारकीर्द वरवर पाहता याच आराखड्यात बसते. तथापि तिचा शेवट लंडनमध्ये किंवा एखाद्या समुद्री लढाईत झाला नाही. तो झाला मुंबईच्या बंदरात, आणि तोही शत्रूच्या तोफांपुढे नव्हे, तर स्वतःच्याच नाविकांच्या नकारापुढे. फेब्रुवारी १९४६ मधील नाविकांच्या उठावाची कथा मराठी वाचकाला सामान्यतः नाविकांच्या बाजूने परिचित आहे, आणि ते योग्यही आहे. परंतु त्या उठावाच्या दुसऱ्या टोकाला जो अधिकारी उभा होता, त्याची घडण कशी झाली होती हे ध्यानात घेतल्यावाचून त्या घटनेतील एक मोठा विरोधाभास उलगडत नाही. गॉडफ्री हे काही सामान्य सेनाधिकारी नव्हते. माहिती मिळवणे, तिची पारख करणे आणि ती अप्रिय असली तरी सत्ताधाऱ्यांपुढे ठेवणे, हे त्यांच्या आयुष्यातील मुख्य कार्य होते. अशा माणसाच्या आधिपत्याखालील आरमारात असंतोष साचत गेला आणि मुख्यालयाला त्याची यथार्थ कल्पना आली नाही, हे कसे घडले, असा हा प्रश्न आहे.

२

गॉडफ्री यांचा जन्म १० जुलै १८८८ रोजी बर्मिंगहॅमनजीकच्या हँड्सवर्थ येथे झाला. १९०३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते 'ब्रिटानिया' या शिक्षणनौकेवर दाखल झाले. त्या काळी ब्रिटिश आरमार हे जगातील सर्वांत बलाढ्य आरमार होते आणि त्यात प्रवेश मिळवणारी मुले एका बंदिस्त जगात वाढत. शिस्त, वर्गभेदाची स्पष्ट उतरंड आणि समुद्राचे ज्ञान या तीन गोष्टी त्यांच्या अंगी एकदमच भिनत. अधिकारी आणि खलाशी यांच्यामधील अंतर ही त्या जगात समस्या मानली जात नसे. ते अंतर हाच व्यवस्थेचा पाया होता. जहाजाच्या रचनेतही ते दिसे. अधिकाऱ्यांचा कक्ष वेगळा, त्यांचे भोजन वेगळे, त्यांचा वावरही वेगळा. खालच्या डेकवर काय बोलले जाते हे वरच्या माणसाला कळावे ते मधल्या दर्जाच्या जमादारांकरवी, आणि तेही कळवण्याजोगे वाटले तरच.

गॉडफ्री यांनी नौकानयनशास्त्रात विशेष प्रावीण्य मिळवले. १९१० च्या सुमारास ते चीनमध्ये यांगत्से नदीवरील 'ब्रॅम्बल' या छोट्या तोफनौकेवर होते. परदेशाच्या अंतर्भागातील नदीत ब्रिटिश तोफनौकांनी गस्त घालावी, ही त्या काळच्या साम्राज्यसत्तेला स्वाभाविक वाटणारी गोष्ट होती. पहिल्या महायुद्धात ते 'युरिअलस' या क्रूझरवर होते आणि १९१५ च्या दार्दानेल्स मोहिमेत त्यांनी भाग घेतला. ही मोहीम आरमारी इतिहासात अपयशाचा धडा म्हणून ओळखली जाते. १८ मार्च १९१५ रोजी केवळ आरमाराच्या बळावर सामुद्रधुनी जिंकण्याचा प्रयत्न सुरुंगांमुळे फसला आणि २५ एप्रिलला सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यात आले, तेव्हा समोरच्या टेकड्यांची, वाटांची आणि शत्रूच्या तयारीची पुरेशी माहिती हाती नव्हती. नकाशे अपुरे होते, आणि त्याची किंमत हजारो सैनिकांनी दिली.

या अनुभवाचा ठसा गॉडफ्री यांच्यावर कायमचा राहिला. युद्धानंतर ते ग्रीनिचच्या आरमारी स्टाफ कॉलेजात अध्यापक झाले, तेव्हा दार्दानेल्सची मोहीम हा त्यांच्या व्याख्यानांचा विषय होता. पराभवाचा अभ्यास करणारे अधिकारी कोणत्याही सैन्यात थोडेच असतात. विजयाच्या वर्णनात मन रमते. पराभवाच्या चिकित्सेत आपल्याच वरिष्ठांचे दोष उघडे पडतात. गॉडफ्री यांची बुद्धी या दुसऱ्या प्रकारची होती. पुढे चीनच्या सागरी विभागात क्रूझर नौकांचे आणि १९३६ नंतर भूमध्य समुद्रात 'रिपल्स' या मोठ्या युद्धनौकेचे कप्तानपद त्यांनी सांभाळले. स्पेनमधील यादवी युद्धाचा तो काळ होता. जानेवारी १९३९ मध्ये त्यांची आरमाराच्या माहितीखात्याचे संचालक म्हणून नियुक्ती झाली, आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कर्तृत्वपूर्ण पर्व सुरू झाले.

३

लंडनमधील आरमारी कचेरीत खोली क्रमांक ३९ हे या खात्याचे केंद्र होते. पहिल्या महायुद्धात या पदावर असलेल्या ॲडमिरल रेजिनाल्ड हॉल यांचा सल्ला गॉडफ्री यांनी घेतला. हॉल यांच्याप्रमाणेच त्यांनीही शेअरबाजाराच्या जगातून एक तरुण साहाय्यक निवडला. तो साहाय्यक म्हणजे इयान फ्लेमिंग. पुढे १९५३ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या त्याच्या गुप्तहेर-कादंबऱ्यांतील 'एम' या करड्या वरिष्ठाच्या व्यक्तिरेखेत गॉडफ्री यांची छाया आहे, असे सामान्यतः मानले जाते. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही नोंद रंजक वाटेल. परंतु गॉडफ्री यांचे खरे महत्त्व त्या व्यक्तिरेखेत नाही. ते त्यांनी घालून दिलेल्या काही पद्धतींत आहे.

त्यांतील पहिली पद्धत माहितीच्या वर्गवारीची. एखादी बातमी हाती आली की ती आणणारा स्रोत कितपत भरवशाचा आहे हे एका अक्षराने आणि ती बातमी स्वतः कितपत संभवनीय आहे हे एका अंकाने दर्शवावे, अशी ही योजना होती. भरवशाचा माणूसही कधी चुकीची बातमी आणतो आणि बेभरवशाचा माणूसही कधी खरे बोलतो. म्हणून या दोन गोष्टींची पारख स्वतंत्रपणे झाली पाहिजे, हे त्यामागील तत्त्व. ऐतिहासिक साधनांची चिकित्सा करणाऱ्या कोणत्याही अभ्यासकाला ते ओळखीचे वाटेल. बखर आणि पत्र, शकावली आणि कैफियत यांना आपल्याकडील इतिहाससंशोधकांनी ज्या कसोट्या लावल्या, त्यांच्याशी या तत्त्वाचे जवळचे नाते आहे.

दुसरे कार्य भूगोलाचे. दार्दानेल्सचा धडा आठवून गॉडफ्री यांनी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील विद्वानांकडून देशोदेशीच्या भूगोलाची मार्गदर्शक पुस्तके सिद्ध करवून घेतली. या मालेचे एकूण ५८ खंड निघाले. ऑक्सफर्डमधील कामाची धुरा केनेथ मेसन यांच्याकडे होती. ते पूर्वी हिंदुस्थानच्या सर्वेक्षण खात्यात अधिकारी होते आणि हिमालयाच्या संशोधनात त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली होती. युद्धाच्या निकडीतून निर्माण झालेली ही पुस्तके युद्ध संपल्यावरही भूगोलाच्या अभ्यासकांना उपयोगी पडत राहिली.

शत्रूला चकवण्याच्या क्लृप्त्यांची एक यादी गॉडफ्री यांच्या नावाने सप्टेंबर १९३९ मध्ये फिरवण्यात आली होती. तिचा मजकूर फ्लेमिंग यांच्या हातचा असावा, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. मृत देहावर खोटी कागदपत्रे ठेवून ती शत्रूच्या हाती लागतील अशी व्यवस्था करावी, ही त्या यादीतील एक कल्पना होती. १९४३ मध्ये सिसिलीवरील स्वारीपूर्वी ती प्रत्यक्षात आणली गेली आणि यशस्वी ठरली.

परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब निराळी आहे. जर्मन पाणबुड्यांपैकी किती बुडाल्या याचे आकडे तत्कालीन आरमारमंत्री चर्चिल यांना मोठे हवे असत. जनतेचे मनोधैर्य टिकवण्यासाठी तसे आकडे जाहीर करण्याकडे त्यांचा कल होता. गॉडफ्री यांच्या खात्याचा हिशोब मात्र त्याहून बराच कमी येई, आणि ते तो हिशोब सोडायला तयार नसत. शत्रूच्या गुप्तहेर यंत्रणेचे दोष सांगताना त्यांनी दोन गोष्टींवर बोट ठेवले होते. आपल्याला जे हवे तेच खरे मानण्याची प्रवृत्ती ही एक, आणि वरिष्ठांना रुचेल तेच सांगण्याची सवय ही दुसरी. हे दोन दोष ज्या यंत्रणेत शिरतात ती यंत्रणा आतून आंधळी होते, हा त्यांच्या अनुभवाचा निष्कर्ष होता.

असा माणूस सत्ताधाऱ्यांना सोयीचा वाटत नाही. स्वभावानेही गॉडफ्री तापट आणि कठोर होते. सैन्याच्या आणि विमानदलाच्या माहितीखात्यांतील सहकाऱ्यांशी त्यांचे पटत नसे. १९४२ च्या उत्तरार्धात त्यांना व्हाइस ॲडमिरल हा हुद्दा मिळाला आणि त्याचबरोबर माहितीखात्यातून त्यांची उचलबांगडी झाली. युद्धातील कामगिरीबद्दल त्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांना मिळत असे तशी कोणतीही पदवी त्यांना अखेरपर्यंत मिळाली नाही. १९४३ मध्ये त्यांच्याकडे जी जबाबदारी आली ती लंडनपासून बरीच दूरची होती. ते 'रॉयल इंडियन नेव्ही'चे सर्वोच्च अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आले.

४

ज्या आरमाराचे आधिपत्य त्यांच्याकडे आले, त्याची मुळे मुंबईत होती. ईस्ट इंडिया कंपनीचे 'बॉम्बे मरीन', १८३० पासूनचे 'इंडियन नेव्ही', १८६३ मध्ये त्याचे झालेले विसर्जन, पुढे १८९२ चे 'रॉयल इंडियन मरीन' आणि अखेर २ ऑक्टोबर १९३४ रोजी मुंबईत स्थापन झालेले 'रॉयल इंडियन नेव्ही', असा हा प्रवास होता. अधिकारी इंग्रज आणि नाविक हिंदी, ही त्याची रचना दीर्घकाळ टिकली. पहिला हिंदी अधिकारी, अभियंता डी. एन. मुखर्जी, याला आरमारात प्रवेश मिळाला तो १९२८ मध्ये.

नाविक येत ते मुख्यत्वे कोकणातून. रत्नागिरी जिल्ह्याच्या खाड्यांकाठच्या गावांतील, विशेषतः कोकणी मुसलमान समाजातील, तरुण पिढ्यान्‌पिढ्या या सेवेत दाखल होत. बाप सारंग किंवा तांडेल, मुलगा खलाशी, अशी घरेच्या घरे होती. बंदर, भरती-ओहोटी, वारा आणि शीड यांचे ज्ञान त्यांच्याकडे जन्मापासून होते. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने ज्या किनाऱ्यावर इंग्रजांना झुंजवले, त्याच किनाऱ्यावरची माणसे पुढे इंग्रजांच्या आरमारात नोकरी करू लागली. ते आरमार लहान होते, तोवर अधिकारी आणि नाविक यांच्यात ओळखीचे एक नाते असे. ते समानतेचे खचितच नव्हते. मालक आणि जुना चाकर यांच्यातल्यासारखे ते होते. परंतु त्यात एकमेकांची भाषा, गावे आणि अडचणी ठाऊक असत.

दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र पालटले. १९३९ मध्ये या आरमारात अधिकारी आणि नाविक मिळून दोन हजारांहूनही कमी माणसे होती. युद्धाच्या अखेरीस ती संख्या वीस हजारांच्या वर गेली. कोकणाबरोबरच पंजाब, बंगाल, मद्रास आणि दक्षिणेकडील प्रदेशांतून भरती झाली. नवे नाविक वेगळ्या घडणीचे होते. बिनतारी संदेश, राडार आणि यंत्रे यांसाठी शिकलेली मुले हवी होती, आणि ती शाळा-महाविद्यालयांतून आली. वर्तमानपत्रे वाचणारी, १९४२ च्या चळवळीचे पडसाद ऐकलेली ही पिढी होती. भरतीच्या वेळी त्यांना चांगल्या नोकरीची आणि भविष्याची आश्वासने देण्यात आली. प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला आले ते निकृष्ट जेवण, गोऱ्या नाविकांच्या तुलनेत कमी वेतन आणि सुविधा, आणि घाईघाईने नेमलेले अननुभवी अधिकारी. त्यांपैकी अनेकांना हिंदी भाषा येत नव्हती आणि या देशाची ओळखही नव्हती.

युद्धात या नाविकांनी आपली पात्रता सिद्ध केली होती. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी 'बेंगॉल' ही छोटी नौका आणि तिच्या सोबतचे डच तेलवाहू जहाज यांनी हिंदी महासागरात दोन बलाढ्य जपानी जहाजांशी सामना दिला आणि त्यांतील एक बुडाले. सिसिलीच्या स्वारीत आणि ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरील मोहिमांत हिंदी नौका होत्या. गॉडफ्री यांनी या आरमाराच्या वाढीसाठी आणि आधुनिकीकरणासाठी मनापासून प्रयत्न केले, हे त्यांच्या चरित्रकाराने नमूद केले आहे. त्यांच्याच काळात आरमाराच्या महिला शाखेला १९४४ मध्ये स्वतंत्र अस्तित्व मिळाले आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये लोणावळ्यास अभियांत्रिकी प्रशिक्षणाचे केंद्र सुरू झाले. त्या केंद्राला 'शिवाजी' हे नाव देण्यात आले.

तथापि याच वर्षांत धोक्याच्या खुणाही उमटत होत्या. मार्च १९४२ ते एप्रिल १९४५ या अवधीत या आरमारात अवज्ञेच्या नऊ घटना घडल्या होत्या, असे पुढे चौकशी आयोगाने नोंदवले. 'अकबर' आणि 'शिवाजी' ही केंद्रेही त्यांत होती. प्रत्येक घटना स्थानिक मानली गेली, काहींना शिक्षा झाली आणि प्रकरण मिटले. या नऊ घटना एकत्र मांडून त्यांतून एक अर्थ काढण्याचे काम झाले नाही. पाणबुड्यांचे आकडे ज्या काटेकोरपणे पारखले जात, त्या काटेकोरपणाने नाविकांच्या तक्रारी पारखण्याची कोणतीही व्यवस्था आरमाराजवळ नव्हती. तक्रार अधिकृत मार्गानेच, एकेकट्याने आणि ज्याच्याविरुद्ध ती आहे त्याच्याच हातून वर जाई. स्रोत कितीही भरवशाचा असला तरी त्याच्या बातमीला मुख्यालयापर्यंत वाटच नव्हती.

५

मुंबईत कुलाब्याला 'तलवार' हे संदेशवहनाचे प्रशिक्षण केंद्र होते. तेथील नाविक सर्वांत सुशिक्षित. त्यांच्यातील बलाईचंद्र दत्त या तरुण तारयंत्र-नाविकाने आणि त्याच्या सोबत्यांनी १९४५ च्या अखेरीपासून भिंतींवर घोषणा लिहिण्यास सुरुवात केली होती. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटल्यांनी देश ढवळून निघाला होता. फेब्रुवारी १९४६ च्या आरंभी सरसेनापती ऑकिन्लेक यांच्या भेटीच्या वेळी पुन्हा घोषणा उमटल्या आणि दत्त यांना अटक झाली. त्यानंतर काही दिवसांनी केंद्राचे प्रमुख कमांडर किंग यांनी नाविकांना अत्यंत अश्लाघ्य शब्दांत शिव्या दिल्या. नाविकांनी रीतसर तक्रारी केल्या. त्यांची दखल घेण्याऐवजी, तक्रार खोटी ठरल्यास तो अपराध समजला जाईल, अशी त्यांना जाणीव करून देण्यात आली.

सोमवार, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार'वरील नाविकांनी जेवणास आणि कामास नकार दिला. पुढे जे घडले त्याचा वेग असामान्य होता, आणि त्याचे कारण त्या केंद्राच्या स्वरूपात होते. संदेशवहन हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनीच संप पुकारला होता. मुंबई बंदरातील नौकांना, कॅसल बॅरक्सला, कराची, कलकत्ता आणि इतर ठिकाणच्या केंद्रांना वार्ता पोहोचली ती आरमाराच्याच यंत्रांवरून. मुख्यालयाला खालच्या डेकची बातमी महिनोन्‌महिने कळली नव्हती. खालच्या डेकने मात्र ती एका दिवसात सर्वत्र पोहोचवली. अखेरीस सुमारे ७८ नौका, २० किनारी केंद्रे आणि वीस हजार नाविक या उठावात सामील झाले. मध्यवर्ती संप समितीच्या अध्यक्षपदी एम. एस. खान आणि उपाध्यक्षपदी मदनसिंग यांची निवड झाली. काँग्रेसचा तिरंगा, लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तिन्ही ध्वज एकत्र फडकले. मागण्यांमध्ये चांगले जेवण, समान वेतन आणि किंग यांच्यावर कारवाई या गोष्टी होत्या. त्यांच्याबरोबरच आझाद हिंद सेनेच्या आणि इतर राजकीय कैद्यांची मुक्तता आणि इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत बोलावणे याही होत्या. नोकरीविषयक गाऱ्हाणे आणि देशाचे स्वातंत्र्य या दोहोंमधील रेषा त्या नाविकांच्या मनात पुसली गेली होती.

किंग यांना हलवण्यात आले. मुंबईचे आरमारी प्रमुख रिअर ॲडमिरल रॅट्रे यांनी नाविकांशी बोलणी करून पाहिली. परंतु तोवर प्रश्न एका अधिकाऱ्याचा राहिला नव्हता. गॉडफ्री तातडीने मुंबईस आले. २१ फेब्रुवारीला कॅसल बॅरक्स येथे गोळीबारास तोंड फुटले. बाहेर प्रथम मराठा पायदळाच्या तुकडीचा पहारा होता; पुढे तेथे ब्रिटिश सैनिक आणण्यात आले. आतील नाविकांनी शस्त्रागार ताब्यात घेऊन उत्तर दिले आणि ती चकमक कित्येक तास चालली. त्याच दिवशी गॉडफ्री यांनी आकाशवाणीवरून नाविकांना उद्देशून भाषण केले. सरकारपाशी प्रचंड बळ आहे, ते पूर्णपणे वापरले जाईल, आणि त्यात ज्याचा अभिमान बाळगला ते आरमार नष्ट झाले तरी बेहत्तर, असा त्याचा आशय होता. 'ग्लासगो' ही ब्रिटिश क्रूझर मुंबईकडे निघाली होती, आणि विमानांनी बंदरावर घिरट्या घातल्या.

हे भाषण म्हणजे गॉडफ्री यांच्या कारकिर्दीतील सर्वाधिक लक्षात राहिलेली कृती ठरली, हे त्यांचे दुर्दैव होय. ज्या अधिकाऱ्याने दार्दानेल्सच्या पराभवाची चिकित्सा केली, चर्चिल यांच्या आकड्यांना विरोध केला, त्याच अधिकाऱ्याने संकटाच्या क्षणी साम्राज्याची सर्वांत जुनी भाषा वापरली. त्या क्षणी त्यांच्यापुढे दुसरे पर्याय किती होते, हा विवाद्य प्रश्न आहे. सशस्त्र नौका हाती असलेले नाविक, चिडलेले शहर आणि वर दिल्ली व लंडनचे सरकार, यांच्या कात्रीत ते सापडले होते. परंतु भाषणाचा परिणाम उलट झाला, हे निर्विवाद आहे. नाविकांवर आणि नगरवासीयांवर त्या धमकीची छाप भयाची पडण्याऐवजी संतापाची पडली. सामान्य लोक फळे आणि अन्न घेऊन गेटवेच्या धक्क्यावर गेले. दुकानदारांनी नाविकांना हवे ते घेऊन जाण्यास सांगितले.

२२ फेब्रुवारीला कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेवरून मुंबईत हरताळ झाला. काँग्रेस आणि लीग यांच्या पुढाऱ्यांनी त्यास विरोध केला असतानाही गिरण्या बंद पडल्या. परळ, लालबाग आणि डिलाइल रोड या गिरणगावातील वस्त्यांत सैन्याने गोळ्या झाडल्या. परळ येथे कमल दोंदे या कार्यकर्तीचा गोळी लागून मृत्यू झाला आणि कुसुम रणदिवे जखमी झाल्या. सरकारी आकडेवारीनुसार शहरात २२८ नागरिक ठार आणि १०४६ जखमी झाले. नौकांवर जितके रक्त सांडले, त्याच्या कित्येक पट ते गिरणगावच्या रस्त्यांवर सांडले. या उठावाच्या इतिहासात नौकांची नावे अग्रभागी येतात. मुंबईच्या कामगारांनी त्यासाठी दिलेल्या किमतीचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो.

सरदार पटेल आणि जीना यांनी नाविकांना शरण जाण्याचा सल्ला दिला आणि सूडबुद्धीने कारवाई होऊ दिली जाणार नाही, असे आश्वासन दिले. २३ फेब्रुवारीच्या सकाळी संप समितीने शरणागती पत्करली. आपण ब्रिटिशांना नव्हे, तर हिंदुस्थानला शरण जात आहोत, अशी त्यांची भावना होती.

६

पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर सय्यद फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल जानेवारी १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. उठावाचे मूळ सेवेतील व्यापक असंतोषात आहे, असे आयोगाने मानले. निकृष्ट अन्न, वेतनातील तफावत, वंशभेदाची वागणूक, युद्धकाळातील अतिवेगाने झालेली वाढ आणि अधिकारी व नाविक यांच्यात संपर्काचा अभाव, ही कारणे त्यात आली. राजकीय वातावरणाचा वाटाही आयोगाने मान्य केला. यातील 'संपर्काचा अभाव' हा शब्दप्रयोग प्रशासकीय आणि निरुपद्रवी वाटतो. परंतु गॉडफ्री यांच्या पूर्वायुष्याच्या प्रकाशात तो वाचला तर त्याचे गांभीर्य ध्यानात येते. शत्रूच्या आरमाराविषयी जगातील उत्कृष्ट माहिती गोळा करणारा अधिकारी स्वतःच्या आरमाराविषयी अंधारात राहिला, कारण त्या माहितीचा स्रोत कोण असू शकतो, याविषयीची त्याच्या वर्गाची समजूत आधीच ठरलेली होती. नाविक हा हुकूम ऐकणारा. तो माहिती देणारा असू शकतो, हे त्या समजुतीत बसत नव्हते. पारखीची पद्धत निर्दोष होती, परंतु पारखण्यासाठी काय पुढे यावे हे साम्राज्याची उतरंड ठरवत होती. दोष एका माणसाच्या बुद्धीचा नव्हता. किंबहुना त्याची बुद्धी असामान्य असल्यामुळेच तो दोष व्यवस्थेचा होता, हे अधिक स्पष्ट होते.

या घटनेला काय म्हणावे याविषयीही एकमत नाही. सरकारी कागदपत्रांत ते 'बंड' आहे. नाविकांच्या समितीने स्वतःला संप समिती म्हटले, म्हणजे त्यांच्या लेखी तो 'संप' होता. पुढील लेखनात 'उठाव' हा शब्द रूढ झाला. तिन्ही शब्दांमागे तीन निरनिराळ्या भूमिका आहेत. बंड म्हटले की आज्ञा देणाऱ्याचा हक्क गृहीत धरला जातो. संप म्हटले की काम करणाऱ्याचा हक्क. आणि उठाव म्हटले की देशाचा. १८५७ च्या घटनेबाबत मराठीत असाच वाद झाला होता, याचे येथे स्मरण व्हावे.

७

१९४६ मध्ये गॉडफ्री हिंदुस्थान सोडून गेले आणि त्यांच्या जागी व्हाइस ॲडमिरल जेफ्री माइल्स आले. इंग्लंडमध्ये गॉडफ्री यांनी पुढील काळात रुग्णालयांच्या व्यवस्थापनाचे काम केले आणि आपल्या आरमारी आठवणी अनेक भागांत लिहून अभिलेखागारांत ठेवल्या. त्या ग्रंथरूपाने बाजारात आल्या नाहीत. १९८० मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले, ते माहितीखात्यात त्यांच्या हाताखालच्या विभागात काम केलेल्या पॅट्रिक बीझ्ली यांनी लिहिले होते.

नाविकांच्या वाट्याला काय आले? चारशेहून अधिक नाविकांना सेवेतून काढून टाकण्यात आले. पुढाऱ्यांनी दिलेले आश्वासन हवेत विरले. स्वातंत्र्यानंतरही भारताच्या किंवा पाकिस्तानच्या आरमाराने त्यांना परत घेतले नाही. शिस्त मोडलेला नाविक नव्या राष्ट्रालाही नको होता. दत्त यांनी पुढे वृत्तपत्र आणि जाहिरातीच्या क्षेत्रांत काम केले आणि १९७१ मध्ये आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. मान्यता मिळण्यास अनेक दशके लागली. भारतीय नौदलाने मदनसिंग आणि बलाईचंद्र दत्त यांची नावे आपल्या दोन टग नौकांना दिली, आणि कुलाब्याला या उठावाचे स्मारक उभे राहिले. ज्या कॅसल बॅरक्सच्या भिंतींवर २१ फेब्रुवारीला गोळ्या लागल्या, त्या केंद्राचे नाव १९५१ मध्ये बदलून 'आंग्रे' असे ठेवण्यात आले.

गॉडफ्री यांच्या कारकिर्दीचा निवाडा एका वाक्यात करता येत नाही. माहितीच्या चिकित्सेसाठी त्यांनी घालून दिलेली पद्धत अक्षर-अंकांच्या रूपाने अनेक देशांच्या सैन्यांत आजही वापरात आहे, आणि तो त्यांचा वारसा आहे. मुंबईच्या बंदरातील अपयश हाही त्यांचा वारसाच आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या दोन गोष्टी एकमेकींपासून अलग करू नयेत. पहिल्या गोष्टीवरून साधनाची पारख कशी करावी हे शिकता येते. दुसरीवरून हे कळते की ज्यांची साधने दप्तरात पोहोचलीच नाहीत, अशा माणसांचा शोध पारखीच्याही आधी घ्यावा लागतो. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या खलाशांनी या आरमारात पिढ्यान्‌पिढ्या घालवल्या. त्यांच्या हातच्या लेखी नोंदी फारच थोड्या आहेत, आणि ॲडमिरलच्या आठवणी मात्र भागशः जतन झालेल्या आहेत. हे असमान दप्तर वाचताना ही विषमता ध्यानात ठेवणे, ही वाचकाची जबाबदारी ठरते.